घशाचा कॅन्सर मांडीच्या हाडात गेलाय. चौथ्या स्टेजला ऑपरेशन करावं का?

वारणाकाठ

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. वैद्यकीय क्षेत्रातल्या मंडळींनी आणि ज्यांच्या घरात हे दुखणं येऊन गेलंय त्यांनी कृपया लिहावं.

माझे चुलते, वय ६२. अडीच वर्षांपूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र पूर्ण काढलं, मानेतल्या गाठी काढल्या, नंतर शेक (रेडिएशन) झाले. तेव्हाच्या रिपोर्टात मानेतल्या काही गाठींमध्ये कॅन्सर होता आणि एका गाठीचं आवरण फोडून तो बाहेर आला होता, असं लिहिलंय. गळ्याला स्टोमा (श्वासासाठीचं भोक) आहे. व्हॉल्व्ह बसवलाय, स्टोमावर बोट ठेवून बोलतात, फोनवरसुद्धा नीट समजतं. तपासण्या वेळच्या वेळी चालू होत्या.

दिवाळीच्या सुमारास उजवी मांडी दुखायला लागली. गावाकडे नस दबलीय म्हणून गोळ्या झाल्या, मालिश झालं. मग रात्रीची झोप उडाली, पाय टेकवला की कळ जायला लागली, तेव्हा एक्सरे काढला. खुब्याच्या जरा खाली हाड पोखरल्यासारखं दिसतंय. पेट स्कॅनमध्ये तीच जागा आली, शिवाय डाव्या फुप्फुसात ८ मिलिमीटरची एक गाठ. घसा आणि मान स्वच्छ आहे.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, आधी हाडात रॉड टाकून घ्या, मग शेक, मग औषधं. घरात दोन तट पडलेत. थोरली आत्या म्हणते, कॅन्सरला हत्यार लागलं की तो खवळतो. काकू म्हणते, एवढं सोसलं, आता आणखी कापाकापी कशाला. काका एवढंच म्हणतात की संडासला माझ्या पायांनी जाता आलं पाहिजे.

चौथी स्टेज असताना ऑपरेशनला काही अर्थ असतो का? आणि करायचंच तर फुप्फुसातली गाठही काढून टाकावी का, म्हणजे सगळंच निघून जाईल?

जुना_वाचक

माझं मत कडवट वाटेल, पण लिहितो. सासऱ्यांचा कॅन्सर यकृतात गेला होता. एका मोठ्या खासगी रुग्णालयात पोट उघडलं आणि तसंच बंद केलं. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. तुमच्या काकूंचं म्हणणं मला पटतं. वेदना कमी करणारी औषधं द्या, घरी ठेवा, चार माणसांत राहू द्या.

हाडवैद्य

मी हाडांच्या गाठींची ऑपरेशनं करतो. फिल्म न पाहता लिहितोय, त्यामुळे याला सल्ला न समजता डॉक्टरांशी बोलायची तयारी समजा.

आधी दोन गोष्टी, आजच्या आज. मालिश बंद. आणि त्या पायावर वजन टाकणं बंद, वॉकर किंवा कुबड्या आणा, रात्री संडासला उठताना कुणीतरी सोबत हवं. पोखरलेलं हाड कुशीवर वळतानाही मोडतं.

आता मूळ प्रश्न. घशाचा कॅन्सर लांब पसरला तर बहुतेक वेळा फुप्फुसात जातो, त्यानंतर हाडं आणि यकृत. मेंदू, कातडी, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या ॲड्रीनल) ही ठिकाणं विरळा. मानेतल्या गाठीचं आवरण फोडून कॅन्सर बाहेर आला असेल, तर लांब पसरण्याचा धोका वाढतो. काकांच्या रिपोर्टात ते आहेच. हाडांत मणके, बरगड्या, कंबर आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग या जागा जास्त दिसतात. मांडीचं हाड वेगळं काढून बोलावं लागतं, कारण त्यावर अख्खं शरीर उभं आहे.

हाड मोडण्याची शक्यता मोजायला मिरेल्स यांनी १९८९ साली मांडलेली गुणपद्धत आम्ही अजून वापरतो. जागा कुठली, दुखतं किती, हाड विरघळलंय की घट्ट झालंय आणि हाडाच्या जाडीचा किती भाग गेलाय, या चार गोष्टींना १ ते ३ गुण. बेरीज ७ किंवा कमी आली तर शेक देऊन भागतं, ८ ला विचार करावा लागतो, ९ किंवा जास्त आली तर मोडायच्या आधी आधार द्यावा. खुब्याजवळची जागा म्हणजे ३. पाय टेकवताच कळ जाते म्हणजे ३. पोखरल्यासारखं दिसतंय म्हणजे ३. इथेच ९ झाले, जाडीचा गुण अजून धरलेलाच नाही.

हे ऑपरेशन कॅन्सर बरा करण्यासाठी नसतं. वाळवी लागलेल्या वाशाला खालून टेकू द्यावा तसं ते आहे. न मोडलेल्या हाडात रॉड टाकला तर बरेच रुग्ण एकदोन दिवसांत आधार घेऊन उभे राहतात. तेच हाड मोडल्यावर आलं तर वेदना, रक्तस्राव, अंथरुणात पडून राहणं, न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, सगळं वाढतं आणि ऑपरेशन मग घाईत करावं लागतं. काका जे मागतायत, ते मिळवून देण्याचा हा बहुतेक एकमेव रस्ता आहे.

जुना_वाचक, तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. कुठल्या हेतूने पोट उघडलं होतं ते कुणी तुम्हाला समजावून सांगितलं होतं का? माझ्या अनुभवात कुटुंबाचा राग बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

वारणाकाठ

डॉक्टर, खूप आभार. वॉकर आज आणला, मालिश बंद केलं. आत्याला काय सांगू?

हाडवैद्य

आत्यांना सांगा, पूर्वी रुग्ण इतक्या उशिरा यायचे की डॉक्टरांनी पोट किंवा छाती उघडली तर आत सगळीकडे पसरलेलं दिसायचं. माणूस महिन्याभरात जायचा आणि दोष सुरीला लागायचा. काकांचं घशाचं ऑपरेशन झालं तेव्हाही हत्यार लागलंच होतं, आणि आज पेटमध्ये घसा स्वच्छ आहे.

तरी आत्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. चुकीच्या जागी, तपासणी न करता घातलेलं हत्यार नुकसान करतं. म्हणून रॉड टाकण्याआधी तुकडा तपासणी हा आग्रह धरा. आधी कॅन्सर झालेल्या माणसाच्या हाडात एकच डाग दिसला, तर तो पसरलेलाच असेल असं गृहीत धरलं जातं. क्वचित ती हाडाची स्वतःची गाठ निघते, सारकोमा. सारकोमामधून रॉड गेला तर मांडीच्या हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत त्याच्या पेशी पसरतात आणि जो पाय वाचला असता तो काढायची वेळ येते. सुईने आधी तुकडा घेता येतो, किंवा ऑपरेशनच्या टेबलावरच तुकडा काढून, गोठवून, पॅथॉलॉजिस्टचं उत्तर येईपर्यंत थांबता येतं. पंधरावीस मिनिटं ते अर्ध्या तासाचा प्रश्न असतो.

मीनल_ठाणे

हाडवैद्य यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१, +१००.

माझे बाबा, बिडी ओढणारे, घशाचा कॅन्सर, शेक आणि केमोने बरे झालेले. दीड वर्षाने फुप्फुसात गाठ. पेटवर चमकत होती. पहिल्या ठिकाणी फाईल पाहून, बाबांकडे न पाहता, "पसरलाय, केमो सुरू करू" असं सांगितलं. आईने त्या दिवसापासून जेवण सोडलं. माझ्या मामेभावाने हट्ट धरला म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथल्या बाईंनी सीटी दोनदा सरकवून पाहिला आणि विचारलं, घरात कुणाला टीबी झाला होता का? आजोबांना झाला होता. सुईने पुरेसा तुकडा आला नाही म्हणून छातीला तीन छोटी भोकं पाडून दुर्बिणीने गाठ काढली. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. बाबा आजही सकाळी तलावपाळीला चक्कर मारून येतात.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. पण काकांच्या त्या ८ मिलिमीटरच्या गाठीवर आत्ताच "पसरलाय" असा शिक्का मारू देऊ नका.

किरण_नागपूर

मी रेडिएशनमध्ये आहे. मीनलताईंनी लिहिलेलं आपल्याकडे वरचेवर दिसतं. पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. कॅन्सर साखर खातो, टीबीचा दाहही खातो. शिवाय ८ मिलिमीटर म्हणजे पेटच्या विश्वासार्हतेच्या काठावरचं माप.

तिसरी शक्यताही आहे. तंबाखूचा धूर घसा आणि फुप्फुस दोन्हींवरून जातो, त्यामुळे घशाच्या कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाला फुप्फुसाचा नवा, स्वतंत्र कॅन्सर होऊ शकतो. दोन्ही एकाच जातीच्या पेशींचे असतील तर सूक्ष्मदर्शकाखालीही फरक सांगणं अवघड जातं. फरक मात्र मोठा आहे, कारण लहान आणि एकटा असलेला नवा कॅन्सर फुप्फुसाचा भाग काढून बरा होऊ शकतो. "आधी कॅन्सर होता, म्हणजे हाही तोच" ही सवय किती महागात पडते याचं एक जुनं उदाहरण देते. १९९० साली पॅचेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या एकाच डागावर ऑपरेशन करावं की नुसता शेक द्यावा यावर चाचणी केली. सगळ्यांना आधीचा कॅन्सर होता, स्कॅन तसंच सांगत होता. तरी ५४ पैकी ६ जणांच्या तुकड्यात पसरलेला कॅन्सर निघालाच नाही. उरलेल्या ४८ मध्ये ऑपरेशन अधिक शेक घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले ते) ४० आठवडे आलं, नुसता शेक घेतलेल्यांचं १५.

आता "सगळंच काढून टाकू" या प्रश्नाकडे. मोजक्याच जागी पसरलेल्या कॅन्सरला वेगळं वागवावं, हा विचार हेलमन आणि वाइकसेलबाउम यांनी १९९५ मध्ये मांडला. फुप्फुसातल्या गाठी काढलेल्या ५,२०६ रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद १९९७ मध्ये छापून आली. सगळं पूर्ण निघालेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनी हयात होते. आकडा मोठा दिसतो, पण हे निवडून घेतलेले रुग्ण होते, नाना तऱ्हेच्या कॅन्सरचे, धडधाकट, हळू वाढणाऱ्या गाठींचे. ते ऑपरेशनशिवायही किती जगले असते, हे त्या नोंदीतून कळत नाही.

२०१९ ची सेबर-कॉमेट चाचणी त्यापेक्षा पक्की. ९९ रुग्ण, पाचपर्यंत डाग, एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला त्यासोबत प्रत्येक डागावर अचूक, जोरदार शेक. पाच वर्षांनी हयात १७.७ टक्के विरुद्ध ४२.३ टक्के. पण त्या शेकाच्या ६६ जणांत ३ मृत्यू उपचारामुळे झाले, आणि बहुतेक रुग्ण स्तन, फुप्फुस, आतडं, प्रोस्टेटचे होते. घशाच्या कॅन्सरला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

माझं स्पष्ट मत: काकांच्या पायाला घाई आहे, फुप्फुसाला नाही. पाय सावरा, सहाआठ आठवड्यांनी छातीचा सीटी पुन्हा काढा. गाठ तेवढीच राहिली, वाढली की तिच्यासोबत आणखी चार उगवल्या, यावरून पुढचं ठरेल. आज घाईने छाती उघडली आणि दोन महिन्यांत दुसरीकडे डाग निघाले, तर त्या ऑपरेशनने काहीच हाती लागलं नसेल.

रानवारा

मणक्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितोय. माझ्या मोठ्या भावाचा कॅन्सर घशातून पाठीच्या मणक्यात गेला. आधी पाठ दुखायची, आडवं पडल्यावर जास्त. मग पाय जड वाटायला लागले. आम्ही सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहिली. रविवारी लघवी अडकली आणि सोमवारी पाय हलेनात. ऑपरेशन झालं, पण पाय परत आले नाहीत. वारणाकाठ, काकांना पाठीत नवी कळ, पायात मुंग्या, लघवीला अडखळणं यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत जा.

हाडवैद्य

रानवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यावर पॅचेल यांचीच २००५ ची चाचणी आहे. गाठीने मज्जारज्जू दाबला गेलेले १०१ रुग्ण. ऑपरेशन अधिक शेक घेतलेल्यांपैकी ८४ टक्के उपचारानंतर चालू शकले, नुसता शेक घेतलेल्यांपैकी ५७ टक्के. चालणं टिकलं ते १२२ दिवस विरुद्ध १३ दिवस. चौथ्या स्टेजला ऑपरेशन कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. पण पाय पूर्ण जाऊन वेळ उलटली की हा फायदा झपाट्याने घटतो.

भूलतज्ज्ञ

स्टोमाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या माणसाच्या नाकातोंडाचा फुप्फुसाशी संबंध उरत नाही, श्वासाचा एकच रस्ता गळ्यावरच्या भोकातून. हे ऑपरेशन ज्या विभागात होणार तिथली मंडळी घशाचे रुग्ण रोज पाहत नाहीत. धावपळीत कुणी सवयीने तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला तर तो वाया जातो. म्हणून भरतीच्या दिवशी कागदावर मोठ्या अक्षरात "श्वास गळ्यातून, ऑक्सिजन स्टोमावर" असं लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा आणि प्रत्येक पाळीच्या सिस्टरला तोंडी सांगा. व्हॉल्व्ह कुठल्या बनावटीचा आणि किती मापाचा ते फाईलच्या पहिल्या पानावर हवं. स्टोमातून भुलीची नळी घालताना तो हलू शकतो.

काकांना बोलता येत असलं तरी शुद्धीवर येताना हात सुन्न, बोट स्टोमावर नेता येत नाही, म्हणजे दुखतंय हे सांगताही येत नाही. पाटी-पेन्सिल जवळ ठेवा. आमच्याकडे एका काकांनी "पाणी" एवढा एक शब्द लिहिला आणि सगळ्या वॉर्डाला कळलं की ते नीट शुद्धीवर आलेत.

आणि थायरॉइड. मानेला शेक झाल्यावर थायरॉइड मंदावणं फार सामान्य आहे आणि बऱ्याचदा राहून जातं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घ्या. तो फार बिघडलेला असेल तर भुलीतून जागं व्हायला वेळ लागतो आणि जखमही रेंगाळते. रक्तातलं कॅल्शियमही बघा; अशा रुग्णाला गुंगी, तहान, बद्धकोष्ठता असेल तर ते वाढलेलं असू शकतं.

वारणाकाठ

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सगळ्या प्रतिक्रिया छापून डॉक्टरांकडे नेल्या. ते रागावतील अशी भीती होती, उलट त्यांनी खुर्ची ओढून बसायला सांगितलं. टेबलावर तुकडा तपासायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, फक्त आम्हाला सांगितलं नव्हतं. मिरेल्सची बेरीज त्यांनी ११ काढली. टीएसएच खरंच खूप वाढलेला निघाला, गोळी सुरू केली.

खर्चाचं कुणाला विचारावं?

मीनल_ठाणे

रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतात, भरती व्हायच्या आधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. कुठलं पॅकेज मंजूर होतंय आणि रॉडचे पैसे त्यात धरलेत का, हे आधीच विचारा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

जुना_वाचक

हाडवैद्य, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कुणी समजावलं नव्हतं. वारणाकाठ, तुमच्या काकांच्या बाबतीत माझं मत मी मागे घेतो. काळजी घ्या.

वारणाकाठ

ऑपरेशन झालं. तुकड्यात घशाचाच कॅन्सर निघाला, मग खुब्यापासून गुडघ्याजवळपर्यंत लांब रॉड टाकला. पलंगावरचा कागद लावला होता. रात्रपाळीच्या सिस्टरने त्याचा फोटो काढून बाकीच्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने काकांना वॉकरवर उभं केलं. चौथ्या दिवशी ते संडासला चालत गेले. परत आल्यावर स्टोमावर बोट ठेवून आत्याला म्हणाले, "बघ, खवळला का?" आत्या रडली.

आता टाके निघाल्यावर शेक. त्यानंतर औषधांचं ठरवायचंय. दर महिन्याला हाडं मजबूत करणारं इंजेक्शन द्यायचं म्हणतात. आणि कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीबद्दल कुणीतरी सांगितलं, ते काय आहे?

किरण_नागपूर

वाचून खूप बरं वाटलं.

इंजेक्शन बहुधा झोलेड्रोनिक आम्ल असेल. ते घ्यायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. त्या औषधाने जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो, आणि काकांच्या मानेला शेक झालेत, जबड्याचा खालचा भाग त्या क्षेत्रात आला असू शकतो. हलणारे, किडलेले दात असतील तर काय करायचं ते दंतवैद्य आणि शेक दिलेले डॉक्टर यांनी मिळून ठरवायला हवं. इंजेक्शन सुरू झाल्यावर गावात कुणाकडूनही दात उपटून घेऊ नका.

इम्युनोथेरपी म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारी औषधं. तिच्या कमी मात्रेचं काम परळच्या टाटा रुग्णालयातलं. डोक्या-मानेचा पुढे गेलेला कॅन्सर असलेल्या १५१ जणांवर चाचणी झाली. मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. नेहमीची मात्रा याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे खर्चात मोठा फरक पडतो. काकांना ते चालेल का, हे औषधांचे कॅन्सरतज्ज्ञ ठरवतील, पण तुम्ही नाव घेऊन विचारा.

फुप्फुसाच्या सीटीची तारीख आजच घेऊन ठेवा. आधीची सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. दोन्ही चित्रं शेजारी लावून मापावी लागतात.

वारणाकाठ

दातांची उद्याची वेळ घेतली. सीटीची पुढच्या महिन्याची मिळाली. रिपोर्ट आला की याच धाग्यावर लिहितो.